कारखान्यात मानसिक आरोग्याची व्यवस्था कशी उभारावी : हे काम नव्याने अंगावर आलेल्यांसाठी

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा मनुष्यबळ विभाग मी सांभाळते. कायम आणि कंत्राटी मिळून १८० माणसे, तीन पाळ्या, आणि प्रथमोपचाराच्या खोलीपलीकडे आवारात वैद्यकीय सोय नाही, असा आमचा पसारा आहे. काही वर्षांपूर्वी व्यवस्थापनाच्या बैठकीच्या इतिवृत्तात ‘कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी उपक्रम, जबाबदारी : एचआर’ अशी एक ओळ आली आणि ते काम माझ्या टेबलावर येऊन पडले. पहिल्या सहा महिन्यांत जे केले, त्यातले बहुतेक पुढे मोडून पुन्हा करावे लागले. ज्यांच्याकडे हे काम आत्ता आले आहे, विशेषतः पन्नास ते दोनशे माणसांच्या अशा आस्थापनेत जिथे त्यासाठी वेगळा माणूस किंवा वेगळा निधी नसतो, त्यांचे तेवढे सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहीत आहे.

भित्तिपत्रके, १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे व्याख्यान, योगाचे शिबिर हे सगळे विनासायास पार पडते, कारण त्यासाठी कोणालाच काही बदलावे लागत नाही. काम अडते ते रजेच्या अर्जापाशी, गेटपासपाशी, ओव्हरटाइमच्या तक्त्यापाशी आणि बिलांच्या फाइलपाशी. पुढचे टप्पे मुख्यतः या चार कागदांबद्दल आहेत.

हाताशी आधी काय हवे

• मागील बारा महिन्यांची हजेरी, रजा आणि ओव्हरटाइम यांची विभागवार नोंद.
• त्या काळात नोकरी सोडून गेलेल्यांची यादी, विभाग आणि पाळीसह.
• गट आरोग्य विम्याची मूळ पॉलिसी. एजंटाने दिलेले दोन पानांचे माहितीपत्रक चालणार नाही.
• ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू असलेल्या कामगारांची यादी, कंत्राटी कामगारांसह.
• रजेचे नियम आणि स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटी-शर्तींची नियमावली.
• लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ नुसार नेमलेल्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची अद्ययावत यादी. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर ही समिती बंधनकारक आहे.
• दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खालील समान संधी धोरण. या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांमध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे, हे अनेक एचआर अधिकाऱ्यांना ठाऊक नसते; मलाही नव्हते.

१. माणसांआधी कामाची तपासणी करा

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगभरात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. हा आकडा व्यवस्थापनापुढे मांडायला उपयोगी आहे, पण त्याहून उपयोगी गोष्ट अशी, की जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना समुपदेशनापाशी सुरू होत नाहीत. कामाचा बोजा, कामाचे तास, कामावरचा अधिकार आणि वरिष्ठांची वागणूक यांत करायच्या बदलांना त्यांत पहिले स्थान आहे.

म्हणून आधी हजेरीपत्रक उघडा. आमच्याकडे डिस्पॅच विभागात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अचानक घेतलेल्या रजांचा ढीग दिसला. कारण शोधायला मानसशास्त्र लागले नाही : महिन्याच्या शेवटच्या आठ-दहा दिवसांत माल काढण्यासाठी तीच माणसे सलग दोन पाळ्या करत होती. अखेरच्या आठवड्यात तीन जादा माणसे दिल्यावर त्या रजा बऱ्याच कमी झाल्या. अशा ठिकाणी आधी समुपदेशक बसवला असता, तर त्याने थकलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला शिकवले असते आणि त्या माणसाने तो दुसऱ्या पाळीच्या रांगेत उभा राहून घेतला असता.

येथील सापळा : कर्मचाऱ्यांकडून नावासह नैराश्याची प्रश्नावली भरून घेणे. इंटरनेटवर ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी सहज मिळते आणि ती छापून वाटण्याचा मोह होतो. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. उद्या एखाद्याने तिथे ‘जवळजवळ रोज’ यावर खूण केली आणि तो कागद तुमच्या खणात आठवडाभर पडून राहिला, तर त्याचे उत्तर कोण देणार? ही चाचणी वापरायचा निर्णय तज्ज्ञाचा; आपण त्या वाटेला जाऊ नये.

२. व्यवस्थापनाकडून तीन वाक्ये लेखी घ्या

लांबलचक धोरण नंतर लिहिता येते. सुरुवातीला मालक किंवा संचालक यांच्या सहीचे, सूचनाफलकावर लावता येईल असे अर्ध्या पानाचे मराठी पत्र पुरते. त्यात ही तीन आश्वासने हवीत : समुपदेशकाकडे कोण गेले, हे कंपनीला कळणार नाही, मानसिक त्रासासाठी घेतलेल्या वैद्यकीय रजेला ताप किंवा कावीळ यांसाठीच्या रजेचेच नियम लागू राहतील, आणि मदत मागितली या कारणावरून कोणाचीही बढती, पगारवाढ किंवा कंत्राट अडवले जाणार नाही.

तिसऱ्या वाक्यातला ‘कंत्राट’ हा शब्द गाळू देऊ नका. आमच्या पहिल्या मसुद्यात तो नव्हता आणि त्यामुळे सुविधा फक्त कायम कामगारांना मिळाली. ज्यांना उद्याची पाळी मिळेल की नाही याची रोज धास्ती, तेच बाहेर राहिले. ठेकेदाराशी झालेल्या करारात एक पुरवणी कलम घालून हे दुरुस्त करता येते.

पत्राची भाषाही पाहून घ्या. शॉप फ्लोअरवर कोणी ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ‘झोप लागत नाही’, ‘डोकं जड असतं’, ‘कशात मन लागत नाही’, ‘फार टेन्शन आलंय’ हे तिथले शब्द आहेत, आणि पत्रात ते दिसले तरच ते पत्र आपल्यासाठी आहे, असे वाचणाऱ्याला वाटते.

३. योग्य तज्ज्ञ निवडा

या क्षेत्रात पाट्या अनेक आहेत आणि त्यांतला फरक नवख्याला कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधे तोच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, ते औषधे देत नाहीत, चाचण्या आणि मानसोपचार करतात. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक तुम्ही मागू शकता. समुपदेशक ही पाटी मात्र फार सैल आहे. मानसशास्त्रातील किंवा समाजकार्यातील पदव्युत्तर शिक्षण, प्रत्यक्ष अनुभवाची वर्षे आणि वरिष्ठ तज्ज्ञाची देखरेख या तीन गोष्टी विचारल्याशिवाय नेमणूक करू नका. आमच्याकडे आलेल्या पहिल्या गृहस्थांकडे दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र आणि उत्तम वक्तृत्व होते. कँटीनमधले त्यांचे भाषण गाजले. त्यानंतर त्यांच्याकडे शॉप फ्लोअरवरून एकही माणूस गेला नाही.

मराठीबरोबर कामचलाऊ हिंदी येणारा तज्ज्ञ निवडा, कारण चाकण-भोसरीच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत. शक्य असल्यास एक स्त्री आणि एक पुरुष असे दोघे ठेवा. खर्च परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून एकच समुपदेशक नेमण्याची व्यवस्था चांगली चालते, आणि तीत कोण कुठल्या कंपनीचा हेही झाकले जाते. ठाण्याची ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ किंवा व्यसनमुक्तीसाठी १९८६ पासून पुण्यात काम करणारे ‘मुक्तांगण’ यांच्यासारख्या अनुभवी संस्थांकडे विचारणा केली, तर निदान कोणाला नेमू नये हे तरी कळते. दारूचा प्रश्न तुमच्या आवारात असणारच आहे. त्याला शिस्तभंगाच्या फाइलीतून काढून उपचाराच्या वाटेवर कधी आणायचे, याचा नियम आधीच ठरवून ठेवा.

४. गुप्तता कागदोपत्री तपासा

सगळ्यात जास्त चुका मी या टप्प्यात केल्या. पहिला समुपदेशक आम्ही दर बुधवारी सकाळी एचआरशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये बसवला. पहिल्या दोन महिन्यांत दोघे आले, तेही कार्यालयातलेच. शॉप फ्लोअरवरून कोणीच का येत नाही, हे मला कळेना. मग एके दिवशी गेटपासचे पुस्तक हातात आले.

आमच्याकडे पाळी चालू असताना मशिन सोडून कार्यालयाच्या इमारतीत यायचे, तर सुपरवायझरच्या सहीचा गेटपास लागतो. त्यात नाव, टोकन क्रमांक, वेळ आणि ‘कारण’ असे रकाने आहेत. एका ऑपरेटरने कारणाच्या रकान्यात ‘समु.’ एवढेच लिहून ते खोडले होते आणि त्यावर ‘पगार चौकशी’ असे लिहिले होते. वेळ बुधवारची, सकाळी अकराची. तो कार्यालयापर्यंत आला होता की वाटेतूनच परत फिरला, हे मला आजही माहीत नाही. त्या पुस्तकाला कार्बन कागद असतो, त्यामुळे खोडलेले अक्षर दुसऱ्या प्रतीवर स्वच्छ उमटले होते, आणि ती प्रत सुरक्षारक्षकाच्या टेबलावर दिवसभर उघडी असते.

तेव्हापासून मी ही यादी करते, आणि तुम्हीही ती एखाद्या दिवशी स्वतः चालून तपासावी, असे सुचवते. कामगार जागेवरून उठल्यापासून परत येईपर्यंत त्याचे नाव कुठे कुठे लिहिले जाते? आमच्याकडे सहा ठिकाणी लिहिले जात होते : गेटपास, सुरक्षेची नोंदवही, समुपदेशकाची भेटवही, हजेरीच्या यंत्रातला खंड, समुपदेशकाचे मासिक बिल, आणि त्या बिलाला जोडलेली लाभार्थ्यांची यादी, जी लेखा विभागाने ‘ऑडिटला लागेल’ म्हणून मागितली होती.

आता पद्धत अशी आहे. समुपदेशनाची जागा आवाराबाहेर, मुख्य रस्त्यावरील एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. वेळ कामगार स्वतः फोनवर घेतो. पाळीच्या वेळेतच जायचे असेल, तर वर्षातून सहा वेळा कारण न लिहिता दोन तासांची सवलत सर्वांनाच आहे. ती कोणी बँकेसाठी वापरतो, कोणी मुलाच्या शाळेसाठी. बिलावर फक्त महिन्यातील सत्रांची संख्या असते. ऑडिटरला हे पटवून द्यायला एक बैठक लागली, पण सत्रसंख्येचा समुपदेशकाच्या सहीचा दाखला त्यांनी मान्य केला.

कायद्याचा आधारही सांगते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २३ नुसार मानसिक आरोग्याविषयीची माहिती गुप्त राखली जाणे हा व्यक्तीचा हक्क आहे. स्वतः तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असण्यासारख्या प्रसंगांचे अपवाद आहेत. ते अपवाद समुपदेशकाने पहिल्याच भेटीत समोरच्याला समजावून सांगावेत, अशी अट करारातच घाला.

५. विमा आणि ईएसआय यांची आधीच पडताळणी करा

याच अधिनियमाच्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांच्या उपचारासाठीही विम्याची तरतूद करावयाची आहे, आणि विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना त्याची आठवण दिली. तरीही पॉलिसीत तीन गोष्टी शोधा : मानसिक आजारासाठी वेगळी, कमी रकमेची मर्यादा आहे का, प्रतीक्षा काळ किती आहे, आणि बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च मिळतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे येते, आणि मानसोपचाराचा बहुतेक खर्च तर तिथेच होतो. नूतनीकरणाच्या वेळी यावर घासाघीस करता येते. वर्षाच्या मध्यात येत नाही.

ज्यांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना ईएसआय लागू होते. त्यातील आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो, हे सर्वांना माहीत असते. फारशी माहीत नसलेली बाब अशी, की दीर्घ आजारांसाठी जो विस्तारित लाभ ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, त्या ३४ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि तीव्र नैराश्याचे काही प्रकारही आहेत. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी आणि अंशदानाचे ठरावीक दिवस भरावे लागतात. म्हणून ठेकेदार बदलताना कंत्राटी कामगाराचा विमा क्रमांक तोच राहतो आहे आणि मध्ये खंड पडत नाही, याची खात्री करा; नवा ठेकेदार सरळ नवा क्रमांक काढतो आणि माणसाचा हक्क तिथेच तुटतो.

६. सुपरवायझरांना बोलायला शिकवा

सुपरवायझरने आजार ओळखायचा नाही. वागण्यात झालेला बदल टिपायचा, एकांतात विचारायचे आणि वाट दाखवायची, एवढेच त्याचे काम. आमच्या लाइन लीडरांना दोन तासांच्या सत्रात आम्ही एकच प्रसंग वेगवेगळ्या तऱ्हांनी बोलायला लावला. ‘काय रे, घरी भांडण झालं का?’ असे सर्वांसमोर विचारणे ही आपली जुनी सवय. त्याऐवजी चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन : ‘दादा, या पंधरवड्यात तुम्हाला तीनदा उशीर झाला आणि जेवायलाही तुम्ही एकटेच बसता. कामाचं काही आहे का? सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही तर राहू द्या.’ शेवटचे अर्धे वाक्य महत्त्वाचे आहे. त्याने समोरच्याची सुटका होते आणि बहुतेकदा तो दोन दिवसांनी आपणहून येतो.

थट्टेवर मात्र कडक राहा. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत आणि त्यांतल्या जवळच्या गावाचे नाव घेऊन ‘याला तिकडे पाठवा’ असे म्हणणे हा प्रत्येक कँटीनमधला विनोद आहे. तो विनोद ऐकलेला माणूस त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात साध्या झोपेच्या तक्रारीसाठीही पाऊल ठेवत नाही.

आणखी एक सावधगिरी : त्रासाचे मूळ वरिष्ठाकडून होणारा छळ हे असेल, तर त्या व्यक्तीला समुपदेशकाकडे पाठवून प्रकरण मिटवू नका. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे. समुपदेशन सोबत चालू शकते, पण तक्रारीच्या जागी नाही.

७. आणीबाणीचा कागद तयार ठेवा

कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, देणीघेणी अचानक मिटवत असेल किंवा निरोप घेतल्यासारखे वागत असेल, तर सरळ विचारा : ‘जीव द्यायचे विचार मनात येतात का?’ असे विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. उलट विचारल्यामुळे मोकळे होता येते. त्यानंतर त्या माणसाला एकटे सोडू नका, मशिन, रसायने आणि उंचीच्या जागांपासून दूर बसवा, त्याला विचारून घरच्या एका विश्वासू माणसाला बोलवा. धोका तत्काळ असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा आणि अशा वेळी परवानगीसाठी थांबू नका. एरवी बोलण्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

हे दोन क्रमांक, जवळच्या मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयाचे नाव आणि प्रत्येक पाळीतील दोन जबाबदार व्यक्तींची नावे एका कागदावर लिहून प्रथमोपचाराच्या खोलीत लावा. रात्रपाळीची नावे लिहायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो. १४४१६ हा क्रमांक प्रसाधनगृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवा, कारण तो कोणी पाहत नसताना टिपता येईल अशी ती एकच जागा आहे.

आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर पोलीस केस होते या भीतीने घरचे लोक रुग्णालय टाळतात. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ नुसार, अन्यथा सिद्ध न झाल्यास, अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. हे त्यांना त्या क्षणी शांतपणे सांगणारा माणूस तुमच्याकडे असायला हवा.

८. रजेवरून परत येणाऱ्याचा पहिला महिना आखून द्या

फिटनेस सर्टिफिकेट मागताना डॉक्टरांना निदान विचारू नका, काम विचारा : प्रेसवर उभे राहता येईल का, फोर्कलिफ्ट चालवता येईल का, रात्रपाळी चालेल का आणि कधीपासून. काही औषधांनी सुरुवातीला गुंगी येते, म्हणून हे प्रश्न सुरक्षेचेही आहेत. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात आले की पुरे. आम्ही पहिले दोन आठवडे पहिली पाळी आणि ओव्हरटाइम नाही, असा नियम सर्वच दीर्घ आजारांना लावला आहे. त्यामुळे कोण हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर आला आणि कोण नैराश्याच्या उपचारानंतर, हे पाळीच्या तक्त्यावरून ओळखता येत नाही.

पहिल्या दिवशी स्वागताचा कार्यक्रम करू नये. ‘बरं वाटतंय ना आता?’ हा प्रश्न दिवसभरात चाळीस जणांनी विचारला, की चांगला माणूसही दमतो. लाइन लीडरने आदल्या दिवशी फोन करून टोकन, लॉकर आणि पहिल्या दिवसाचे काम सांगावे, तेवढे पुरते.

९. सहा महिन्यांनी आकडे पाहा

फक्त एकूण संख्या पाहा : सत्रे किती झाली, त्यांत पहिल्यांदा येणारे किती, विभागवार अचानक रजा किती, नोकरी सोडणारे किती. एखाद्या विभागातून पाचांपेक्षा कमी माणसे गेली असतील, तर त्या विभागाची वेगळी संख्या समुपदेशकाकडून घेऊ नका. लहान विभागात आकड्यावरूनही माणूस ओळखू येतो. सत्रांची संख्या वाढली म्हणून व्यवस्थापन घाबरेल. सुरुवातीच्या वर्षात ती वाढणे म्हणजे लोकांनी पत्रातल्या पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवला आहे, हे बैठकीआधीच संचालकांच्या कानावर घाला. आणि दर सहा महिन्यांनी गेटपासचे पुस्तक मागवून त्याची कार्बनची प्रत चाळा.